यजमान कोण? नाशिक-त्र्यंबक वाटेवरील चौकाच्या घरांचा इतिहास

जुन्या चौकाच्या घराचे अतिथिगृह करावे आणि प्रवाशाने हॉटेलाऐवजी तिथे उतरावे, ही कल्पना गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या पर्यटनव्यवसायाची उपज आहे असा समज सर्वसाधारणपणे रूढ आहे. मोरोक्कोतील मर्राकेश शहरातली ‘रियाद’ म्हणून ओळखली जाणारी अंगणाची घरे, अहमदाबादच्या पोळांमधल्या हवेल्या, पणजीच्या फोंताइन्यास वस्तीतली पोर्तुगीजकालीन घरे किंवा हॉटेल झालेले सावंतवाडीचा राजवाडा व सासवडजवळची जाधवगढी ही उदाहरणे त्या समजाला पोषकच आहेत, कारण त्या सर्व ठिकाणी घर वा वाडा आधी एका घराण्याचा होता आणि पाहुण्यांसाठी तो नंतर खुला झाला. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर या दोन क्षेत्रांच्या बाबतीत मात्र हा क्रम लागू पडत नाही. इथल्या अनेक वाड्यांत परगावचा माणूस उतरणे हा वाड्याच्या रचनेचा, अर्थकारणाचा आणि वारसाहक्काचा मूळ भाग होता. खाजगी घर ही या वाड्यांची पुढे आलेली, आणि बहुतेक ठिकाणी पडझडीच्या काळातली, अवस्था आहे. सातपूर हे या दोन क्षेत्रांना जोडणाऱ्या सुमारे अठ्ठावीस किलोमीटरच्या रस्त्यावरचे, नाशिककडून जाताना लागणारे जुने गाव असल्यामुळे या इतिहासाची दोन्ही टोके तिथून नीट दिसतात.

या इतिहासाचा सर्वांत जुना लेखी पुरावा सातपूरच्या आसपासच सापडतो. मुंबई रस्त्यालगतच्या त्रिरश्मी डोंगरातील लेण्यांपैकी, ज्यांना लोकव्यवहारात पांडवलेणी म्हणतात, दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा दानलेख कोरलेला आहे. संस्कृत आणि प्राकृत यांची सरमिसळ असलेल्या या लेखाचा काळ विद्वान इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्याच्या पूर्वार्धापर्यंत मानतात. उषवदाताने केलेल्या दानांची यादी लांबलचक आहे: गाई, गावे, सोने, घाट, नद्या उतरून जाण्यासाठी विनामूल्य नावा, आणि त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर पाणपोया. याच यादीत भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, शूर्पारक म्हणजे नालासोपारा आणि गोवर्धन या चार ठिकाणी त्याने ‘चतुःशाल’ आवसथ व प्रतिश्रय दिल्याचा उल्लेख येतो. आवसथ आणि प्रतिश्रय हे दोन्ही शब्द प्रवाशाच्या निवाऱ्याचे वाचक आहेत. चतुःशाल म्हणजे मधल्या मोकळ्या अंगणाभोवती चार बाजूंना चार शाला असलेली वास्तू, अर्थात आजच्या भाषेत चौकाचे घर. यांतले गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेला गोदावरीच्या काठी, गंगापूरशेजारी असलेले आजचे गोवर्धन गाव, असे अभ्यासक मानतात, आणि ते सातपूरपासून काही किलोमीटरच दूर आहे.

या उल्लेखाचे महत्त्व केवळ त्याच्या प्राचीनतेत नाही. यादीतली इतर तीन नावे पाहिली तर दोन बंदरे आणि एक माळव्याच्या वाटेवरचे शहर अशी ती विभागणी आहे, आणि त्यांच्या पंक्तीत गोवर्धन बसते याचा अर्थ हे ठिकाण त्या काळी समुद्रकिनाऱ्याकडून घाट चढून आलेल्या माणसाचा थांबा होते. सातवाहनांच्या लेखांतही गोवर्धन येथे नेमलेल्या अमात्यांना उद्देशून आज्ञा आहेत, म्हणजे ते प्रशासकीय ठाणेही होते. शिवाय उषवदाताने लेण्यात राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या वस्त्रांसाठीची रक्कम गोवर्धनातल्याच कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे कारागीर संघाकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवली होती. सरकारी ठाणे, विणकर, सावकारी आणि यात्रेकरूंसाठी चौकाचे निवासस्थान या चार गोष्टी ज्या गावात एकत्र नांदत होत्या, ते गाव नुसते तीर्थ नव्हते. याच दहाव्या लेण्याची रचनाही बोलकी आहे: मधे चौरस सभागृह, तीन बाजूंना मिळून सोळा खोल्या आणि प्रत्येक खोलीत दगडी ओटा. ज्या काळात लाकूड-मातीची चतुःशाल घरे उभी होती, त्या काळातल्या कारागिरांनी डोंगराच्या पोटात तीच मांडणी कोरली, फरक एवढाच की चौकावर आकाशाऐवजी कातळ आला. गोवर्धनची चतुःशाला मातीत मिळाली; तिचा आराखडा बहुधा लेण्यात टिकला आहे.

मधली कित्येक शतके येथे ओलांडावी लागतात, कारण नाशिकचे आज दिसणारे किंवा कालपरवापर्यंत दिसणारे वाडे हे प्रामुख्याने अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतले आहेत. मोगलांनी गुलशनाबाद असे नाव दिलेले हे शहर मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर पेशवे आणि त्यांचे सरदार यांनी गोदाकाठी बांधकामांचा सपाटाच लावला. नारोशंकर राजेबहाद्दरांचे रामेश्वर मंदिर १७४७ सालचे, सुंदरनारायणाचे १७५६ सालचे, तर सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेले काळारामाचे मंदिर त्याच शतकाच्या अखेरचे. त्र्यंबकेश्वराचे आजचे देवालय नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली हाती घेतले आणि ते पुरे व्हायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. पेशव्यांच्या घरातली माणसेही याच परिसरात येऊन राहिली: माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई गंगापुरास आणि रघुनाथराव व आनंदीबाई सातपूरच्या उत्तरेला नदीकाठी असलेल्या आनंदवल्लीस. राज्यकारभारातून बाजूला पडलेल्यांना क्षेत्राची जागा सोयीची वाटे, आणि त्यांच्यामागे कारकून, शागीर्द, भिक्षुक, सुतार, गवंडी असा लवाजमाही येई. या कारागिरांच्या हातून सराफ बाजारातला सरकारवाडा उभा राहिला आणि त्यांच्याच हातून तिळभांडेश्वर, गायधनी, डिंगरअळी अशा गल्ल्यांतली भिक्षुकांची घरेही उभी राहिली.

ही भिक्षुकांची घरे या लेखाचा खरा विषय आहेत. क्षेत्रोपाध्याय किंवा तीर्थोपाध्याय म्हणजे क्षेत्रावर येणाऱ्या यात्रेकरूंची धार्मिक कृत्ये वंशपरंपरेने करणारा पुरोहित. कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, कोणत्या आडनावाचा यात्रेकरू कोणत्या उपाध्यायाकडे जाईल हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असे, आणि या हक्काला ‘वृत्ती’ म्हणत. वृत्ती ही मालमत्ताच होती. ती मुलांत वाटली जाई, गहाण पडे, विकलीही जाई. या व्यवस्थेत एक शब्द असा आहे की त्याच्याजवळ थोडे थांबणे भाग आहे. रोजच्या मराठीत यजमान म्हणजे ज्याचे घर तो, पाहुण्याचे स्वागत करणारा. उपाध्यायाच्या वाड्यात मात्र यजमान म्हणजे परगावाहून आलेला यात्रेकरू, कारण धर्मशास्त्राच्या भाषेत यज्ञ किंवा कृत्य ज्याच्यासाठी व ज्याच्या खर्चाने होते तो यजमान. घरधनी हा त्याचा भटजी. दारात पाय ठेवणारा यजमान आणि दार उघडणारा त्याचा आश्रित, अशी ही उलटी भाषा आहे, आणि नाशिकच्या वाड्यातल्या पाहुणचाराचा सगळा हिशेब या एका शब्दात मावतो.

वाड्याची मांडणी या हिशेबाला धरून होती. रस्त्याकडेला दगडी जोते, म्हणजे घराचा उंच पाया, आणि त्यावर भक्कम दरवाजा. मोठ्या दरवाजाच्या फळीतच माणूस वाकून आत जाईल एवढी लहान झडप असे, तिला दिंडी म्हणतात. आत शिरताच दोन्ही हातांना देवडी, म्हणजे पहारेकऱ्याची किंवा थांबणाऱ्याची बसायची जागा, आणि तिच्यापुढे चौक. चौकाच्या भोवती ओसरी, एका बाजूला सोपा म्हणजे पुढची उघडी बैठक, मागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि परसात आड. मोठ्या वाड्यांना दोन चौक असत, आणि तसे असले की पहिला चौक बाहेरच्यांचा, दुसरा घरच्यांचा अशी वाटणी आपोआप होई. यात्रेकरू उतरे तो पहिल्या चौकाच्या ओसरीवर, सोप्यात किंवा माडीवरच्या खोल्यांत. माजघराचा उंबरा मात्र त्याच्यासाठी नसे. स्वयंपाक बहुधा त्याचा तोच करी. गहू, तांदूळ, डाळ, तूप, गूळ असा कोरडा शिधा त्याच्याकडून उपाध्यायाला दक्षिणेसोबत मिळे, आणि उलट उपाध्यायाकडून त्याला चूल, पाणी आणि पितळी-तांब्याची भांडी मिळत. ज्या शहरात तांबट आळी आणि भांडी बाजार आहे तिथे भांड्यांचा तुटवडा पडण्याचे कारण नव्हते. परत जाताना यात्रेकरू गोदावरीचे पाणी तोंड बंद केलेल्या तांब्याच्या लहानशा गडूत घेऊन जाई.

खोलीचे भाडे असे काही नव्हते, किंवा अधिक नेमके सांगायचे तर ते दक्षिणेत विरघळलेले होते. त्यामुळे वाड्यातला मुक्काम फुकट होता असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. गोप्रदान, क्षौर, तीर्थश्राद्ध, पिंडदान अशा प्रत्येक कृत्याला दर होता, घासाघीस होती, आणि यात्रेकरू आपल्याच वाड्यात यावा म्हणून उपाध्यायांची माणसे वेशीवर किंवा त्याही पुढे जाऊन थांबत. गावाचे आणि कुळाचे नाव विचारायचे, ते आपल्या वहीत निघाले की पुरावा दाखवून माणूस आपल्याकडे न्यायचा, हा त्यांचा रोजचा उद्योग होता. ही वही हाच वाड्याचा खरा पाया. उभ्या, लांबट बांधणीच्या आणि कापडी बासनात गुंडाळून ठेवलेल्या या वह्यांत गावनिहाय आणि कुळनिहाय नोंदी असतात: आलेल्याचे नाव, बापाचे, आजाचे, पणजाचे नाव, भाऊ, मुलगे, गोत्र, मूळ गाव, सध्याचे गाव, कशासाठी आले आणि कोणत्या शकाच्या कोणत्या तिथीला आले, आणि शेवटी यजमानाची स्वतःच्या हातची सही. जुन्या नोंदी मोडीत आहेत. घराण्यात वाटणी झाली की चौक वाटला जाई आणि त्याबरोबर वह्याही वाटल्या जात, कारण वहीवाचून चौक म्हणजे नुसत्या भिंती आणि चौकावाचून वहीतल्या माणसाला उतरवायचे कुठे, हा प्रश्न.

त्र्यंबकेश्वरी ही गरज आणखी घट्ट होती. तिथल्या विधींपैकी नारायण-नागबली हा विधी तीन दिवस चालतो, आणि त्या तीन दिवसांत यजमानाने क्षेत्र सोडायचे नसते, कांदा-लसूण खायचा नसतो, ठरलेल्या वस्त्रांत राहायचे असते. साहजिकच पुरोहिताच्या घराला लागून मुक्कामाची आणि जेवणाची सोय असणे हा विधीचाच भाग झाला, आणि म्हणून ही व्यवस्था नाशिकमध्ये क्षीण होत गेली तरी त्र्यंबकेश्वरी आजही चालू आहे, भले जुन्या वाड्याच्या जागी स्लॅबची तीन मजली इमारत आली असेल. सिंहस्थाच्या वर्षी, म्हणजे गुरू सिंह राशीत असताना दर बारा वर्षांनी, या सगळ्याला महापुराचे रूप येई. अठराव्या शतकात वैष्णव व शैव साधूंच्या रक्तरंजित तंट्यानंतर वैष्णवांनी नाशिकच्या रामकुंडावर आणि शैवांनी त्र्यंबकच्या कुशावर्तावर स्नान करायचे अशी विभागणी रूढ झाली. तिच्यामुळे दोन्ही गावांतले वाडे भरत आणि सामान्य यात्रेकरू दोन्हीकडे जाऊ पाही, म्हणून मधला रस्ताही भरे. सातपूर या रस्त्यावरचे असल्याने पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या वारकऱ्यांच्या दिंड्या तिथून जातात, आणि ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपुराकडे निघते तेव्हा तिचा सुरुवातीचा एक मुक्काम सातपूरला असतो. वारकऱ्याचा मुक्काम हा उपाध्यायाच्या मुक्कामाहून निराळा प्रकार आहे. त्यात वही नाही, दक्षिणा नाही. गाव ओसरी उघडते, पिठले-भाकरी घालते आणि पहाटे माणसे पुढे जातात. चौकाच्या घराचा हा दुसरा, बिनहिशेबी उपयोग क्षेत्रात नव्हे तर वाटेवरच्या गावांत टिकला, ही गोष्ट क्षेत्रांविषयी बरेच काही सांगते.

वाड्याच्या पाहुणचाराला एक कुंपण होते आणि जुन्या वाड्यांविषयी हळवेपणाने लिहिताना ते हटकून विसरले जाते. दिंडी दरवाजा सर्वांसाठी नव्हता. जातीची उतरंड ओसरीवर पथारी टाकण्याच्या जागेपर्यंत पोचलेली होती: कोण सोप्यात, कोण देवडीपाशी आणि कोण दाराबाहेरच, हे वहीत न लिहिताही सर्वांना ठाऊक असे. ज्यांना अस्पृश्य मानले गेले त्यांच्यासाठी ना वाडा होता ना आड. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हजारो सत्याग्रही नाशकात आले, पण क्षेत्रात परगावच्या माणसाला उतरवून घेणाऱ्या शेकडो वर्षांच्या यंत्रणेत त्यांना स्थान नव्हते. मंदिराचे दार आणि वाड्याचे दार ही एकाच भिंतीची दोन दारे होती. गाडगे महाराजांनी पंढरपूर, आळंदी, देहू आणि नाशिक येथे ज्या धर्मशाळा उभारल्या त्यांचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. धर्मशाळा म्हणजे नाव-गाव-कूळ न पाहता उतरू देणारी जागा, आणि तिच्यातही बहुधा मधे अंगण व भोवती खोल्या अशीच मांडणी असते. उषवदाताच्या चतुःशालेशी नाते जोडायचेच असेल तर ते उपाध्यायाच्या वाड्यापेक्षा या धर्मशाळांशी जोडणे अधिक योग्य होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली आणि वाड्याचे गणित बदलू लागले. नाशिकरोड हे स्थानक शहरापासून बरेच दूर पडल्यामुळे १८८९ साली तिथून शहराच्या मध्यापर्यंत घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली, आणि ती चार दशकांहून अधिक काळ चालली. पूर्वी पायी किंवा बैलगाडीने महिनाभर प्रवास करून आलेला माणूस आठ-दहा दिवस राहत असे; आगगाडीने आलेला दुसऱ्या दिवशी परतीची गाडी पाहू लागला. उपाध्यायांची माणसे वेशीवरून स्थानकावर गेली, एवढेच नव्हे तर त्यांच्या शेजारी लॉजचे दलालही उभे राहू लागले. पटकीच्या साथी आणि यात्रा यांचा संबंध इंग्रज अधिकाऱ्यांच्या ध्यानात आल्यापासून यात्रेकरूंची गर्दी हा आरोग्याचा प्रश्न ठरला, आणि भरगच्च ओसऱ्यांकडे श्रद्धेच्या नव्हे तर संडास, आड आणि गटार यांच्या नजरेने पाहिले जाऊ लागले. त्या नजरेत तुच्छता होती हे खरे, पण परसातल्या आडापासून शेतखाना किती हातांवर आहे हा प्रश्न चुकीचा नव्हता.

तरीही वाड्याला निर्णायक धक्का दिला तो रेल्वेने नव्हे तर भाडेकरूने. यात्रेकरू कमी झाले तसे वर्षभर रिकाम्या राहणाऱ्या खोल्या कारकून, शिक्षक, दुकानदार अशा कुटुंबांना बिऱ्हाड म्हणून दिल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली घरटंचाई लक्षात घेऊन मुंबई प्रांताने १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा केला. या कायद्याच्या नावात भाड्याच्या जोडीने हॉटेल आणि लॉजिंग हाऊस यांच्या दरांचाही उल्लेख होता, म्हणजे कायमचा भाडेकरू आणि रात्रीपुरता प्रवासी यांना कायदा एकाच छपराखाली पाहत होता. प्रमाण भाडे साधारणपणे १ सप्टेंबर १९४० रोजी असलेल्या भाड्यावर गोठले आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे अवघड झाले. गरीब कुटुंबांना त्याने संरक्षण दिले याबद्दल शंका नाही; पण महिन्याला पाच-दहा रुपये देणारी आठ बिऱ्हाडे, चौकाचे चार हिस्सेदार आणि सागवानी तुळईला लागलेली वाळवी यांची गाठ पडली की वाडा कोण दुरुस्त करणार या प्रश्नाला उत्तर उरत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने जुना कायदा गेला, पण तोवर पन्नास पावसाळे उलटले होते. गोदावरीला मोठे पूर आले तेही विसरून चालणार नाही: नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अवयवापर्यंत पाणी चढले यावरून नाशिककर पूर मोजतात, आणि १९६९ व २००८ च्या पुरांनी सराफ बाजार व नदीकाठच्या गल्ल्यांतल्या मातीच्या भिंतींना जे पाणी पाजले त्याने पुढे कित्येक वाडे बसले. आज पावसाळा आला की धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातात आणि एखाद-दुसरा वाडा कोसळल्याची बातमी येते. सरकारवाड्याला पुरातत्त्व खात्याचा आश्रय मिळाला, त्याआधी १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालयही तिथे बराच काळ होते. सार्वजनिक उपयोग लाभलेला वाडा टिकला आणि वाटणीतला वाडा पडला, असे मोघमपणे म्हणता येते.

सातपूरच्या वाट्याला या काळात वेगळेच पाहुणे आले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतर त्र्यंबक रस्त्यालगतच्या सातपूरच्या शेतजमिनींवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. मायको, सिएट, महिंद्र यांसारख्या कारखान्यांत आधी खानदेश-मराठवाड्यातून आणि पुढे उत्तर प्रदेश-बिहारमधून कामगार आले, आणि १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा सातपूर शहरातच सामावले गेले. जमीन गेलेल्या कुटुंबांना घर हेच उत्पन्नाचे साधन उरले. गावठाणातल्या घरांच्या पडव्या बंद करून, परसात पत्र्याचे छप्पर टाकून खोल्या काढल्या गेल्या आणि एकेका खोलीत पाळीनुसार झोपणारे चार-सहा कामगार राहू लागले. इतिहासाच्या पुस्तकांत याला अतिथिगृह म्हणत नाहीत. पण परगावच्या माणसाला अंगणाभोवतीच्या खोलीत उतरवून त्यावर घर चालवायचे, हा उद्योग तोच होता; दक्षिणेच्या जागी अनामत रक्कम आली आणि वहीच्या जागी भाडेकरार.

या पार्श्वभूमीवर वाड्यांचे आजचे ‘रूपांतर’ पाहावे लागते. तांत्रिक बाजूने ते वाटते तितके सोपे नाही. नाशिकच्या वाड्याचा भार लाकडी सांगाडा वाहतो: जोत्यावर खांब, खांबावर कोरीव हस्त, हस्तांवर तुळई, तुळयांवर कडीपाट म्हणजे कड्या आणि त्यांवरच्या फळ्या, आणि त्यावर मातीचा थर. भिंत ही बरीचशी भरणा असते. आजच्या प्रवाशाला प्रत्येक खोलीला लागून न्हाणीघर-शौचालय हवे असते, आणि माडीवर पाणी नेले की नळाच्या सांध्यातून झिरपलेला ओलावा नेमका भिंतीत खोचलेल्या तुळईच्या टोकाशी साचतो, तिथून लाकूड कुजते आणि बाहेरून सगळे ठाकठीक दिसत असताना मजला खचतो. माडीवरच्या खोल्या पूर्वी एकीतून दुसरीत उघडत, वेगळी वाट नसे. प्रत्येक पाहुण्याला स्वतंत्र दार द्यायचे तर चौकाच्या कडेने सज्जा फिरवावा लागतो. पावसाचा त्रास टाळण्यासाठी चौकावर पारदर्शक पत्रा टाकला तर उलटा परिणाम होतो, कारण रात्री थंड हवा चौकात उतरते, दिवसा तापलेली हवा चौकातून वर जाते आणि ओसरीवर वारा खेळतो हे चौकाचे खरे काम. ते बंद केले की चौक म्हणजे नुसता मोठा दिवाणखाना. ज्यांनी हे काम नीट केले आहे त्यांनी शौचालये परसाच्या बाजूला नव्या बांधकामात घेतली आणि जुन्या लाकडाला पाण्यापासून दूर ठेवले.

त्यापेक्षा अधिक पैसा मात्र दुसऱ्याच गोष्टीत गेला आहे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस गंगापूर-गोवर्धन परिसरात सुला ही वाइनची कंपनी उभी राहिली आणि तिच्यामागोमाग द्राक्षमळ्यांच्या कडेला पर्यटकांच्या निवासाची रांग लागली. यांतल्या काहींना वाड्याचे रूप देण्याची हौस असते: सिमेंटच्या खांबाला सागवानी फळ्यांचे वेष्टण, मधे कारंजे, आणि क्वचित पडलेल्या वाड्याच्या मलब्यातून घेतलेले खरे खांब-दरवाजे. शहरातला वाडा पाडून त्याची दिंडी मळ्यातल्या हॉटेलाच्या भिंतीवर शोभेला लावायची, यात जतन किती आणि टवाळी किती हे ठरवणे कठीण आहे. तरी ज्या गोवर्धनात उषवदाताने चतुःशाला दिली त्याच गावात एकोणीस शतकांनंतर परगावचा माणूस रात्र काढण्यासाठी पुन्हा येऊ लागला, एवढे मात्र खरे.

सरकारी योजनांची भाषा या सगळ्यात नकळत जुन्या वळणावर आलेली दिसते. ‘अतुल्य भारत’ निवास-न्याहारी योजनेत एका घरात जास्तीत जास्त सहा खोल्या आणि बारा खाटा देता येतात आणि घरमालकाने कुटुंबासह त्याच घरात राहणे अपेक्षित असते. महाराष्ट्र राज्याची न्याहारी-निवास योजनाही याच धर्तीची आहे. घरधनी आतल्या बाजूला, पाहुणा बाहेरच्या, आणि मधे चौक, ही उपाध्यायाच्या वाड्याचीच रीत. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर निवासाची जी मागणी येऊ घातली आहे तिच्यासाठी घरे नोंदवून घेताना ही योजना कामी येईल, निदान कागदोपत्री तरी.

पाहुण्याची नोंद मात्र दोन्हीकडे अगदी वेगळी होते. आजच्या अतिथिगृहातल्या रजिस्टरला नाव, पत्ता, आधार क्रमांक, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याची व जाण्याची वेळ असे रकाने असतात. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती सरकारच्या संकेतस्थळावर ठरावीक मुदतीत भरावी लागते, आणि पोलिसांनी मागितल्यास ते रजिस्टर दाखवावे लागते. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायाच्या वहीत ‘कुठे जाणार’ हा रकाना नाही. त्याऐवजी पानाच्या खाली जागा कोरी सोडलेली असते, पुढच्या पिढीतला कुणी आला तर त्याची सही घेण्यासाठी.